दोन बल्बांमधली टकटक

सिंधूताई रविवारी सकाळी दहा चाळीसला शहरात आमच्या इंदोऱ्याच्या घरी पोचली. हातात भाजीची पिशवी, आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला पत्र्याचा चपटा डबा.

"मशीन बंद पडली वं, नंदिनी," चप्पल काढता काढताच ती म्हणाली. "सकाळी सहाले पाह्यलं तं पंखा बंद, आकडे बंद. आतून नुसतं टक टक, टक टक. पायलनं फोटो काढला, वायरा सोडल्या अन् हे माह्या हाती देल्लं. म्हणे, मावशी कॉलेजात हेच शिकवते."

पायल ही तिची सून. पत्र्याचा डबा म्हणजे मशीनच्या पंख्याला आणि आकड्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय, आणि मी ते शिकवते हे खरं होतं. अभ्यासक्रमात स्विचिंग पॉवर सप्लायला दोन तासिका आहेत आणि चौदा वर्षं मी त्या घेते. फळ्यावर.

सिंधूताई माझी मावसबहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पारशिवनीच्या पुढच्या एका गावात तिच्या घरी अंडी उबवायचं यंत्र आहे, लहान कपाटाएवढं. गावातल्या नऊ बायका आपापली गावरान अंडी तिच्याकडे आणून ठेवतात. कुणाची कोणती हे कळावं म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने नावाचं पहिलं अक्षर असतं. त्या दिवशी आत तीनशे सहा अंडी होती आणि त्यांचा सतरावा दिवस होता. पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, आणि तोवर आत साडेसदतीस अंश राहावे लागतात. जानेवारी होता. खेड्यावर तापमान पहाटे दहा-अकरा अंशांपर्यंत उतरलेलं.

तिने पायलला फोन लावला. मशीनवर तीन गोधड्या टाकल्या होत्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. काचेच्या थर्मामीटरवर चौतीस.

"किती वेळ चालेल असं?" मी विचारलं.

"कोंबडीबी उठून दाणे टिपाले जातेच की. पण अर्ध्या घंट्यात वापस येऊन बसते. दिवसभर गावात नाई फिरत."

नवीन सप्लाय विकत घ्यावा हे पहिल्यांदा सुचलं. तो चोवीस व्होल्टचा होता, आणि असा सप्लाय जवळ ठेवणारं माझ्या ओळखीचं एकच दुकान, सदरमधलं, शालिकरामजींचं. रविवारी बंद. त्यांना फोन केला तर मागे बँड वाजत होता. ते वर्ध्याला लग्नात होते आणि दुकानाची किल्ली त्यांच्या खिशात होती.

"मॅडम, रात्री आठपर्यंत येतो मी," ते ओरडून म्हणाले. "तोवर तुम्हीच पाहा ना. तुमच्यासाठी काय मोठं हाये? फक्त एक लक्षात ठेवा, लोड लावल्याशिवाय चेक करू नका. बिना लोडचं चेकिंग म्हणजे बिना नवरदेवाची वरात!"

पंखा नाही आणि तापमान राखणारा कंट्रोलर नाही, तरी नुसता हीटर थेट मेनवर, म्हणजे घरातल्या विजेवर, लावता येईल असंही मनात आलं. पण पंख्याशिवाय वरचा ट्रे भाजला असता आणि खालचा गारच राहिला असता. शिवाय एकट्या पायलला फोनवरून मेनची वायर जोडायला सांगणं मला जमणारं नव्हतं. मी डबा बाबांच्या टेबलावर ठेवला आणि स्क्रू काढायला घेतले.

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचं टेबल, त्यांचा सिरीज बोर्ड मी ठेवला आहे. सिरीज बोर्ड म्हणजे साधी युक्ती: दुरुस्तीला आलेली वस्तू थेट लाइनवर लावायची नाही, वाटेत शंभर वॅटचा एक जुना पिवळा बल्ब ठेवायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. शॉर्ट नसेल तर बल्ब मंद राहतो. बाबांच्या टेबलावर बल्बाशिवाय कधी काही लागलं नाही, माझ्याही नाही.

सिंधूताई शेजारी स्टुलावर बसली. "याच्यात असते तरी काय?"

"आधी घरातली वीज सरळ करायची आणि या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवायची. तीनशे पंचवीस व्होल्ट. मग हा स्विच ती सेकंदाला साठ हजार वेळा तोडतो आणि जोडतो. तुटलेली वीज या लहान ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जाते. तिथं पुन्हा सरळ होते, चोवीस व्होल्टची."

"सरळ झालती तं तोडली काहून?"

चौदा वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. "सरळ वीज ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही, ताई. आणि जितकी भरभर तोडू तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. नाहीतर हा डबा तुला डोक्यावर घेऊन यावा लागला असता."

"अन् तिकडं चोवीसच झाले, जास्त नाई झाले, हे इकडं कोण सांगते?"

मी चार पायांचा काळा तुकडा दाखवला. "याच्या आत एक दिवा आहे आणि एक डोळा. मधे तार नाही. पलीकडे व्होल्टेज वाढलं की दिवा जास्त पेटतो, अलीकडचा डोळा ते पाहतो आणि स्विच चालवणाऱ्या चिपला कळवतो. चिप स्विचला आवरते."

"म्हणजे चुगलखोर हाये," सिंधूताई म्हणाली आणि तिचं समाधान झालं.

दहा पंचावन्नला मी सप्लाय सिरीज बोर्डावर लावला. बल्ब क्षणभर पेटून विझला, म्हणजे शॉर्ट नव्हता. मोठ्या कपॅसिटरवर बरोबर तीनशे पंचवीस व्होल्ट होते. वहीत लिहिलं, पुढे बरोबरची खूण केली. पलीकडे चोवीसऐवजी मीटरवरचा आकडा किंचित चढून खाली पडत होता, आणि ट्रान्सफॉर्मर टक टक करत होता, सेकंदाला दोनदा.

ही टकटक मला माहीत होती, निदान फळ्यावर. चिपला स्वतःला चालायला थोडी वीज लागते. सुरुवातीला ती एका लहान कपॅसिटरमध्ये थेंब थेंब जमते. तो भरला की चिप जागी होते आणि स्विच चालवायला लागते. मग तिची वीज ट्रान्सफॉर्मरमधूनच परत मिळते. पण तो लहान कपॅसिटर सुकला असेल तर साठा अपुरा पडतो. चिप जागी होते, परतीची वीज यायच्या आत साठा संपतो, ती पुन्हा झोपते. पुन्हा थेंब थेंब. टक. टक.

मी तो लहान कपॅसिटर काढून मोजला. बावीस मायक्रोफॅरडच्या जागी तीन. उबवणीच्या मशीनवर, कायम उबेत राहून सुकला होता. माझ्या डब्यात बावीसचा नव्हता, सत्तेचाळीसचा होता. तो चालतो. सव्वाअकराला नवीन कपॅसिटर बसला.

"झालं?" सिंधूताईने विचारलं.

"होईल आता."

शालिकरामजींचं ऐकून मी या वेळी पलीकडे लोड लावला, म्हणजे सप्लायची वीज खाणारं काहीतरी. गाडीच्या हेडलाइटचे बारा-बारा व्होल्टचे दोन जुने बल्ब एकामागे एक जोडले. चोवीस व्होल्टला ते बरोबर. मग बटण दाबलं.

टक.

दोन्ही हेडलाइट जरा लाल झाले आणि विझले. सिरीजचा पिवळा बल्ब उजळला आणि मंदावला. टक. मी घड्याळ लावून मोजलं. आता टकटक हळू झाली होती, दीड सेकंदाला एक. पण होती. मला काही कळेना. जे चुकलं होतं ते मी बदललं होतं, आणि लक्षण तेच होतं. हळू झालं म्हणजे काहीतरी फरक पडला होता. पण बरं होतानाचा फरक की बिघडतानाचा, हे त्या आवाजावरून सांगता येत नव्हतं.

पुस्तकात टकटकीची दुसरीही कारणं आहेत. पलीकडचा, वीज सरळ करणारा डायोड शॉर्ट असला तरी हेच होतं. चिपला जास्त ओढ जाणवते, ती बंद होते, थोड्या वेळाने पुन्हा करून पाहते. मी डायोड काढला. त्याला जाड पत्र्याची पट्टी होती, स्क्रू गंजलेला. पाऊण तास गेला. डायोड चांगला निघाला. पुन्हा बसवला. टक.

"तेहतीस झाले," सिंधूताई फोन खाली ठेवत म्हणाली. "अन् खालच्या ट्रेजवळ हात लावला तं थंड लागून राहिलं म्हणते पायल."

"खालच्या ट्रेमधे कोणाची आहेत?"

"प्रेमलताची. बेचाळीस. तिले मी म्हटलं होतं, तू शेवटी आणले, तुले खालीच भेटन. रुसली होती त्याच्यावरून."

पलीकडचे तीन कपॅसिटर मी एकेक काढून मोजले. तिन्ही ठीक. मग चुगलखोरावर संशय घेतला. एका मेलेल्या चार्जरमधून तसाच काळा तुकडा काढला आणि बदलला. टक. मग वाटलं, मीच बदलून चूक केली की काय, म्हणून जुना पुन्हा बसवला. टक. तोवर सप्लायच्या सर्किटवरची तांब्याची रेघ एका जागी उखडली. तिथं बारीक तार टाकावी लागली. वहीत मी प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहीत होते. बरोबरच्या खुणांची रांग वाढत होती. सगळं बरोबर होतं आणि काहीच चालत नव्हतं.

सिंधूताईने स्वयंपाकघरात जाऊन पिठलं टाकलं, भाकरी केली आणि ताट माझ्या कोपराशी आणून ठेवलं. "खाय आधी."

"ताई, मला समजतच नाही हे."

"तुले नाई समजत तं मले सांगू नको वं," ती एकदम म्हणाली. "मी नऊ जणींले सांगून आली, नंदिनी करते म्हणून."

दोन वाजता एकतीस. 

पावणेतीनला मी दमून एक चूक केली. पलीकडच्या कपॅसिटरवर ठेवायची मीटरची टोकं अलीकडच्या मोठ्या कपॅसिटरवर ठेवली. हे लक्षात आलं आणि हात मागे घेतला, कारण तिथं तीनशे पंचवीस व्होल्ट असतात, आणि अशा चुकीने माणूस फेकला जातो. पण हात मागे घ्यायच्या आत मीटरवर आकडा आला होता: एकशे दहा.

मला वाटलं, वाचायला चुकले. जपून पुन्हा टोकं ठेवली. एकशे साठ. टक. एकशे पाच. हळूहळू वर. टक. पुन्हा खाली.

सकाळी इथं तीनशे पंचवीस होते. वहीत बरोबरची खूण होती, म्हणून मी इकडे पुन्हा पाहिलंच नव्हतं. घरातली लाइन मोजली. दोनशे तेहतीस, म्हणजे सरळ करून साठवल्यावर तीनशे पंचवीसच्या आसपास. ठीक. मग मधले दोनशे व्होल्ट कोण खात होतं?

मधे फक्त बाबांचा बल्ब होता. टकटकीबरोबर उजळणारा, मंदावणारा.

तरी मला ते पटेना. हा बल्ब चाळीस वर्षं असाच लागत आला. मी कागदावर आकडे मांडले. दोन हेडलाइट मिळून एकशे दहा वॅट मागत होते. शंभर वॅटच्या बल्बातून जास्तीत जास्त तीस-चाळीस वॅट पलीकडे जाऊ शकतात. रेडिओला तेवढे पुरेसे असतात. शिवाय रेडिओला व्होल्टेज कमी मिळालं तर तो करंटही कमी घेतो, आवाज बारीक होतो, पण निभावतो. हा सप्लाय तसा नाही. पलीकडे चोवीस राखायचेच हा त्याचा हट्ट. अलीकडे व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो. जास्त ओढला की बल्ब आणखी उजळतो आणि व्होल्टेज आणखी पडतं. शेवटी चिप उपाशी पडून झोपते. लोडशिवाय हे दिसलंच नसतं, आणि बल्बाशिवायही नाही. बाबांचं बरोबर होतं, शालिकरामजींचंही बरोबर होतं. मी दोघांचं एकाच वेळी ऐकलं होतं.

मी हेडलाइट सोडवले आणि जागी एक लहान रेझिस्टर लावला, सहा वॅट खाणारा. बटण दाबलं. टकटक नाही. मीटरवर चोवीस पूर्णांक एक. तिथंच थांबला.

"बंद झाला आवाज," सिंधूताई स्टुलावरून उठली. "चालू झाली?"

"सहा वॅटवर चालू झाली."

"म्हणजे चालू झाली की नाई? एक काय ते सांग."

मला एक काय ते सांगता येत नव्हतं. मशीनचा पंखा, ट्रे हलवणारी मोटर, कंट्रोलर मिळून साठ-सत्तर वॅट लागतात. तेवढा लोड तपासायचा तर बल्ब काढून सप्लाय थेट लाइनवर लावायला हवा होता. आणि मी तासन्‌तास त्यात काढघाल केली होती. एखादा झाळकामाचा डाग चुकला असेल, ती बारीक तार कुठे टेकली असेल, तर थेट लाइनवर स्विच फुटेल, चिप जाईल, आणि रविवारी त्यातलं काहीच मिळणार नाही. बल्ब असला की कळत नाही, बल्ब नसला की वाचत नाही. मी हे सगळं तिला सांगितलं.

तिने डब्याकडे बोट केलं. "इथं नाई लावला अन् तिथं नेऊन लावला, तं तिथं बल्ब राहीन का मधे?"

"नाही."

"मंग इथंच फुटू दे. तिथं पायलच्या तोंडापुढं काहून फोडतं?"

हे मला सुचलं नव्हतं. मी भिंग घेऊन प्रत्येक डाग पुन्हा पाहिला. बारीक तारेवर टेप लावला. डब्याचं झाकण लावलं, हेडलाइट पुन्हा जोडले. सिंधूताई दारात जाऊन उभी राहिली. कानावर पदर धरला होता, पण डोळे उघडे होते. मी सिरीज बोर्डाऐवजी भिंतीतल्या प्लगमध्ये पिन घातली आणि बटण दाबलं.

एकदा टक झाली. मला वाटलं, गेलं. मग दोन्ही हेडलाइट एकदम पांढरे पेटले आणि खोलीतली भिंत उजळली. थंड दिवे पहिल्या क्षणी फार करंट ओढतात, ती टक त्याची. चोवीस पूर्णांक शून्य. दहा मिनिटं आम्ही दोघी तिथं उभ्या होतो. आकडा हलला नाही.

"बाप्पा, केवढा उजेड!" सिंधूताई म्हणाली, आणि लगेच टॉवेल उचलला. "चल, चारची बस भेटते मले."

मी तिला कामठी रोडवर सोडायला गेले. ती वाटेत सारखं सांगत होती, माही बहीण भल्ली हुशार, दिवसभर बसली पण सोडलं नाई, सगळ्याइले सांगतो मी. मी हो-हो करत राहिले. मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मला अजून नीट मांडता येत नव्हती. तेवढ्यात बस आली.

सहा वाजता पायलने वायरा जोडल्या. तेव्हा आत एकोणतीस होते. पंखा फिरला. आठ वाजता साडेसदतीस.

घरी आल्यावर मी वही उघडली. सुकलेला कपॅसिटर सव्वाअकराला बदलला होता. बिघाड तेवढाच होता. सप्लाय तेव्हाच दुरुस्त झाला होता. पुढचे साडेतीन तास मी चांगल्या सप्लायमध्ये बिघाड शोधत होते, आणि दोन बाजूंच्या माझ्या बल्बांनी मला तो दाखवला होता. एक वाजताच्या बसला ताई बसली असती तर मशीन तीनला चालू झालं असतं. तेव्हा आत तीस-एकतीस असते. तीस आणि एकोणतीस यांत अंड्यांच्या दृष्टीने किती फरक, हे मला माहीत नाही. शोधून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलं होतं.

पिल्लं गुरुवारी निघाली नाहीत. शुक्रवारी सकाळी ताईचा फोन आला. मागे नुसता चिवचिवाट.

"वरचे चारी ट्रे ठीक हायेत वं. एक दिवस उशीर झाला, पण निघाले. खालीच मार खाल्ला. प्रेमलताचे बेचाळीसातून नऊ."

"नऊच?"

"नऊ. बसली हाये इथंच, टोपली घेऊन. मी सांगितलं तिले, बाई, मशीन बिघडली त्याले नंदिनी काय करन? तिनं तं दिवसभर जेवण नाई केलं."

"ताई, मी जेवले होते. आणि ऐक." मी उभी राहिले. "सप्लाय सव्वाअकरालाच दुरुस्त झाला होता."

चिवचिवाट चालूच होता.

"मंग तू दुपारभर काय करून राहिली होती?"

"दुरुस्त झालेला दुरुस्त करत होते. मला कळलं नाही. मी तपासत होते ती रीतच चुकली होती. आपण तीन तास आधी सुरू करू शकलो असतो."

"तीन तासानं प्रेमलताचे वाचले असते?"

"माहीत नाही. वाचले असते, किंवा नसतेही. मला खरंच सांगता येत नाही."

"असं कसं वं तुये! शिकून सवरून बी एक काय ते सांगत नाई." मग तिने आवाज खाली आणला. "मी नाई सांगत तिले हे. तू सांग." आणि फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"हां, ताई," एक बारीक, खरखरीत आवाज आला. "प्रेमलता बोलतो."

मी सांगितलं. बल्ब, लोड, वेळ, सगळं, जमेल तितकं सोपं करून. मधे दोनदा माझं मलाच चुकीचं वाटलं म्हणून मागे जाऊन पुन्हा सांगितलं.

"म्हणजे बिघाड एकच होता, अन् तुमाले दोन दिसले," ती शेवटी म्हणाली.

"हो. तसंच."

"अन् थंडी खालीच काहून पडली?"

"गरम हवा वर जाते. पंखा बंद असला की खालचा ट्रे सगळ्यात आधी गार होतो."

"हे तं एकदम कळलं मले," प्रेमलता म्हणाली. "मंग पुढच्या खेपेले वरचा ट्रे मले भेटन ना?"

ते माझ्या हातात नाही, सिंधूताईला विचारावं लागेल, असं मी म्हटलं.

"सिंधूबाई, आयकलं का? तुमची बहीणच म्हणते, खालचा ट्रे खराब हाये!"

"तिनं असं नाई म्हटलं! शेवटी आणशीन तं शेवटीच भेटन, सांगून ठेवतो!"

"सकाळी पाचले आणून देतो, मंग?"

"पाचले काय, चारले आण. पुष्पलताचे अंडे तुयाहून आधी येतात!"

फोन बहुतेक टोपलीवर ठेवला गेला होता, कारण चिवचिवाट एकदम मोठा झाला आणि त्या दोघी लांब गेल्या. मी थोडा वेळ माझा फोन तसाच कानाला धरून उभी राहिले. मला उद्देशून कुणी काही बोलेल की नाही, हे कळत नव्हतं.